सोपारा पाहायचा तर बोरिवलीला उतरा

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमधल्या कोणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराचे एक टिपण लिहिले. त्यावर स्वतःचे नाव घातले नाही. ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ म्हणून ते आज ओळखले जाते. माणूस पक्का दुकानदार. कुठे काय खपते, कुठल्या खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत, कुठल्या राजाला काय नजर करावे, एवढ्यापुरतेच त्याचे कुतूहल. भडोचवर तो भरभरून लिहितो. तिथे दारू इटलीची असली तर आधी उचलतात. तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच यांना गिऱ्हाईक आहे. राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुले आणि देखण्या मुली न्याव्यात. परतीच्या मालात हस्तिदंत, अकीक, पिंपळी आणि नाना तऱ्हेचे सुती कापड. हा माल पैठणहून आणि तगरहून, म्हणजे आजच्या तेरहून, गाड्यांवर लादून येतो हेही त्याने नोंदवले आहे.

मग तो दक्षिणेकडे वळतो आणि बंदरांची नावे घेतो. पहिले नाव सुप्पारा. त्यापुढे एक अक्षर नाही. पुढचे नाव कल्याण. तिथे मात्र तक्रार आहे. कल्याण पूर्वी कायदेशीर बाजारपेठ होती, आता तिकडे चुकून गेलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जातात. सत्ता बदलली, बंदराचा परवाना गेला, असा सरळ अर्थ.

सुप्पारा म्हणजे आपला सोपारा. नाळे आणि सोपारा या दोन गावांची नावे एका स्टेशनाच्या पाटीवर आली आणि नालासोपारा झाले. बोरिवलीहून विरार लोकल पकडली तर दहिसर, मीरा रोड, भाईंदर, मग वसईच्या खाडीवरचा पूल, नायगाव, वसई रोड आणि नालासोपारा. (बोरिवलीच्या माणसाने गर्दीच्या वेळी विरार फास्टमध्ये चढू नये, हा उपनगरातला अलिखित कायदा आहे. रविवारी सकाळी चालते.) या गाडीत कोंबून घेणाऱ्या हजारो लोकांना आपण दररोज पश्चिम भारताच्या सर्वांत जुन्या बंदरांपैकी एका बंदरावर उतरतो, याची कल्पना नसते. त्यात त्यांचा दोष नाही. तिथे उतरल्यावर बंदर दिसतच नाही.

दिसते ते एवढेच: स्टेशनापासून पश्चिमेला, वस्तीच्या कडेला, विटांचा एक गोल उंचवटा. त्याला लोक बुरूड राजाचा कोट म्हणतात. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. जुनागढहून मुंबईत आलेला, भाऊ दाजी लाडांच्या हाताखाली लेण्यांचे लेख वाचायला शिकलेला हा माणूस. ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर तयार करणारे जेम्स कॅम्पबेल यांनी त्यांना या कामाला लावले होते. उंचवट्याच्या पोटात विटांची चौकोनी पोकळी निघाली, तिच्यात दगडी करंडक. करंडकात तांब्याची डबी, तिच्याभोवती बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती. डबीत चांदीची डबी, तिच्यात दगडाची, मग स्फटिकाची, आणि सर्वांत आत सोन्याची. त्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे १३ तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते कोणीतरी जपून ठेवले होते. सोबत सोन्याची फुले आणि यज्ञ सातकर्णीचे चांदीचे एक नाणे. हे नाणे लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

त्याच वर्षी भगवानलालांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. नववा लेख सापडायला १९५६ साल उजाडले. तो जवळच्या भुईगावात मिळाला. आठव्यात राजा सांगतो की शिकारीच्या सहली सोडून मी धर्मयात्रा करतो. नववा लग्नाकार्यातल्या आणि आजारपणातल्या फुकाच्या विधींवर आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ही अक्षरे या खाडीकाठच्या दगडांवर कोरली जात होती, म्हणजे ती वाचणारी, ऐकणारी वस्ती इथे तेव्हाच होती. रोमचे साम्राज्य त्या वेळी जन्मालाही आले नव्हते.

नववा लेख आज काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयात आहे, करंडक फोर्टातल्या एशियाटिक सोसायटीकडे, स्तूपाचा ढिगारा नालासोपाऱ्यात. हे शहर पश्चिम रेल्वेवर विखुरलेले आहे. आणि माझे म्हणणे असे, की त्याचा सगळ्यात मोठा, सगळ्यात बोलका भाग बोरिवलीला आहे.

तिकडे जाण्याआधी एका जुन्या तक्रारीचा निकाल लावू. लिबियातले लेप्टिस मॅग्ना पाहून आलेला, किंवा नुसती त्याची छायाचित्रे पाहिलेला मराठी माणूस हळहळतो: त्यांच्याकडे कमानी उभ्या आहेत, खांबांच्या रांगा आहेत, रंगमंदिराच्या पायऱ्यांवरून समुद्र दिसतो, आणि आपल्याकडे काय, विटांचा ढीग! ही हळहळ चुकीच्या जागी आहे. लेप्टिस टिकले ते लोक सोडून गेले म्हणून आणि वाळूने झाकले म्हणून. सेप्टिमियस सेव्हेरस या सम्राटाचे ते जन्मगाव. त्याने तिथे दगड आणि संगमरवर ओतला. बंदर मात्र गाळाने भरले. रोमचे स्वतःचे बंदर ऑस्टिया टायबर नदीच्या मुखाशी होते, ते आता समुद्रापासून सुमारे तीन किलोमीटर आत आहे. क्लॉडियसने इसवी सन ४२ मध्ये शेजारी नवे बंदर बांधायला घेतले, ट्राजनने त्यात षट्कोनी गोदी खणली. त्या गोदीच्या शेजारी आज रोमचा विमानतळ आहे. अंधेरीच्या महाकाली लेण्यांच्या डोक्यावरून विमाने उतरताना पाहिलेल्या माणसाला हा शेजार मुळीच नवा वाटणार नाही.

सोपारा कोणी सोडला नाही. बंदर गेले तरी गाव राहिले. विटा, लाकूड, माती, नारळाच्या झावळ्या यांनी बांधलेले शहर, वरून वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. पडलेल्या घराच्या विटा पुढच्या घरात गेल्या. ज्या गावात दोन हजार वर्षे चूल विझली नाही, तिथे खांबांच्या रांगा कुठून उभ्या राहणार?

आणि उभे अवशेषच पाहायचे असतील तर एकच स्टेशन मागे वसई आहे. समुद्राला लागून तटबंदी, आत छप्पर उडालेली चर्चे, कमानीतून उगवलेले वड-पिंपळ. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांना मिळालेले आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी घेतलेले हे शहर दिसायला अगदी युरोपातल्या भग्न नगरासारखे आहे. म्हणून तर सिनेमावाले आणि लग्नाआधीचे फोटो काढणारे तिथे रांगा लावतात. लेप्टिसचे खांब फ्रेंचांनी व्हर्सायला नेले, इंग्रजांनी विंडसरला नेले. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देवळांना दिल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा तिथलीच. विजेत्यांची हौस सगळीकडे सारखी. पण वसईचे वय सोपाऱ्याच्या तुलनेत नातवाचे.

आता रोमचे. गेली काही दशके कोकणच्या किनाऱ्यावर कुठे टोकदार बुडाच्या रांजणाचा तुकडा निघाला की ‘रोमन अँफोरा’ अशी बातमी होते. रॉबर्टा टोंबर या मृद्भांड्यांच्या अभ्यासक बाईंनी हिंदुस्थानातले असे तुकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतले बरेच रोमन नव्हेत, मेसोपोटेमियाकडचे, आतून डांबर फासलेले रांजण निघाले. त्यांना ‘टॉर्पेडो’ रांजण म्हणतात आणि त्यांचा काळही बराचसा रोमन व्यापार ओसरल्यानंतरचा. मला ही बातमी आवडली. कारण आपल्याला रोमचे प्रशस्तिपत्र लागते, इराणी आखाताचे लागत नाही. प्लिनीने रागाने लिहून ठेवले आहे की हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि आपलाच माल शंभर पटीने विकतो. हे वाक्य आपण छाती फुगवून सांगतो. बसऱ्याकडच्या खलाशाने असे काही लिहून ठेवले नाही म्हणून तो आपल्या इतिहासात नाही. सोपाऱ्याच्या आयुष्यातला रोम हा एक मोठा गिऱ्हाईक होता, दोन-तीन शतकांचा. आधी अशोक होता. नंतर अरब होते, ते या गावाला सुबारा म्हणत. बाराव्या शतकात शिलाहार अपरादित्याचा वकील तेजकंठ इथून थेट काश्मीरच्या पंडितसभेत जाऊन बसला, हे मंखाच्या काव्यात आले आहे. १३२१ मध्ये ठाण्यात मारल्या गेलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांना त्यांचा सोबती जोर्डानस याने सोपाऱ्यात आणून पुरले. दीड हजार वर्षांहून जास्त काळ चालू राहिलेल्या दुकानाला एका गिऱ्हाइकाचे नाव देणे बरे नव्हे.

मग त्या दुकानाचा हिशेब कुठे आहे? कान्हेरीत.

बोरिवली स्टेशनाच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे फाटक, तिथून पाच-सहा किलोमीटर आत काळ्या दगडाची टेकडी. जुन्या लेखांत तिचे नाव कण्हगिरी. शंभरावर लेणी. सोपारा, कल्याण, चेमूल म्हणजे चौल, नाशिक इथल्या लोकांनी ती खोदवली, असे भिंतींवर त्यांनीच लिहून ठेवले आहे. दाते राजे नव्हेत, किंवा क्वचित राजे. सोनार, लोहार, जडजवाहीर करणारे, व्यापारी, त्यांच्या बायका, भिक्षुणी. लेखांची भाषा प्राकृत. नुसते ऐकले तरी ओळखीचे शब्द कानावर येतात. ‘नेगम’ म्हणजे व्यापारी, ‘सुवणकार’ म्हणजे सोनार, ‘खेत’ म्हणजे शेत, ‘पोढी’ म्हणजे पाण्याचे टाके. कल्याणचा सामिदत नावाचा सोनार एवढेच सांगतो की ही पोढी माझे दान. पुढे फुशारकी नाही, वंशावळ नाही. मुंबईत बाकड्यावर देणगीदाराची तीन पिढ्यांची नावे वाचणाऱ्या आपल्याला हे जरा ओशाळवाणे वाटते.

तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह दोन व्यापारी भावांचे. काळ यज्ञ सातकर्णीचा. सोपाऱ्याच्या स्तूपातले चांदीचे नाणे ज्याचे, तोच हा राजा. तिकडे डबीत नाणे ठेवले जात होते, तेव्हाच्याच आसपासच्या पिढ्या इकडे डोंगर कोरत होत्या. पैसा एकच, तो खाडीतून वर टेकडीवर चढला एवढेच.

पण कान्हेरीत पाहायचे ते चैत्यगृह नव्हे, पाणी. जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःचे टाके आहे. लेण्याच्या माथ्यावर दगडात चर कोरून पावसाचे पाणी वळवले आहे आणि अंगणाच्या एका बाजूला पोटात घेतले आहे. बसायला ओटा, ओट्याच्या पलीकडे टाक्याचे तोंड. खालच्या ओढ्यावर बांध घातल्याच्या खुणा आहेत. चार महिने कोसळणारा पाऊस उरलेल्या आठ महिन्यांना पुरवायचा, हा एकच प्रश्न शेकडो भिक्षूंच्या वस्तीपुढे होता आणि व्यापाऱ्यांनी तो वाटून घेतला. पाण्याखालोखाल कपड्यांची सोय. काही लेखांत ‘अखयनीवि’ हा शब्द आहे: मुद्दल कायम ठेवायचे, त्याच्या उत्पन्नातून दरसाल भिक्षूला चीवर आणि पायताण द्यायचे. आजच्या भाषेत मुदत ठेव. समुद्रावर एका वादळात सर्वस्व जाईल याची खात्री असलेल्या माणसांनी जमिनीवर कधी न संपणारी ठेव ठेवावी, यात त्यांच्या धंद्याची सगळी धास्ती दिसते.

समुद्र त्यांच्या कथांतही आहे. शूर्पारकचा, म्हणजे सोपाऱ्याचाच, पूर्ण हा दर्यावर्दी व्यापारी बुद्धाचा शिष्य झाला, त्याने बुद्धासाठी चंदनाचा विहार बांधला, अशी कथा ‘दिव्यावदाना’त येते. सिंहलद्वीपाचा ‘महावंस’ सांगतो की देशोधडीला लागलेला विजय राजपुत्र आधी सुप्पारकला उतरला. महाभारताच्या शांतिपर्वात समुद्र मागे सरतो आणि परशुरामाला शूर्पारक नावाची भूमी करून देतो. समुद्र हटवून जमीन काढण्याची ही आपल्याकडची सर्वांत जुनी नोंद म्हणायला हरकत नाही. मुंबईच्या भरावांना पूर्वज हवाच असेल तर हा घ्यावा; फक्त परशुरामाने त्यावर टॉवर बांधले नाहीत.

नाशिकच्या पांडवलेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग इथे धर्मशाळा बांधल्या, डहाणू, दमण, तापी अशा ठिकाणी फुकट होड्या ठेवल्या आणि शोर्पारगच्या रामतीर्थासह काही ठिकाणच्या चरकांच्या परिषदांसाठी ३२,००० नारळाची झाडे दिली. जहाजे आणि सैन्य सोडून होड्या आणि नारळ मोजणारा शक सरदार मला फार जवळचा वाटतो. वसई-सोपाऱ्याच्या समुद्राकडच्या वाड्यांत आजही माड आणि केळी एकमेकांना टेकून उभी आहेत. सुकेळी अजून तिथलीच.

बंदर मेले कसे, याला एकच तारीख नाही. वैतरणा आणि उल्हास या दोन मुखांना जोडणाऱ्या खाडीवर सोपारा होता. नद्यांनी गाळ आणला, खाडी उथळ झाली, गलबते मोठी झाली. व्यापार ठाण्याला, चौलला, मग वसईला आणि शेवटी मुंबईला सरकला. कोणी आग लावली नाही, कोणी नांगर फिरवला नाही. एका पिढीला वाटले की यंदा भरती जरा कमी चढली. ज्या खाडीतून जहाजे येत तिथे आधी होडी, मग तर, मग मीठ, मग भात. ऑस्टियाही असेच मेले.

आपल्या काळात हेच काम नद्यांवर सोडलेले नाही. मिठागरे भरली, खारफुटी तोडली, तलाव अर्धे बुजवले, आणि खाडीच्या तळावर इमारती उभ्या केल्या. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मिठी नदी कुठून वाहते हे पुष्कळांना पहिल्यांदा कळले. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि गाड्या थांबल्या. दूरचित्रवाणीवर ‘नालासोपाऱ्यात समुद्र’ असे काहीतरी ओरडत होते. खाडीला आपली जुनी वाट आठवली होती, इतकेच.

म्हणून सोपाऱ्याचा वारसा जपायचा म्हणजे स्तूपाभोवती कुंपण आणि रंगीत दिवे, असे मला वाटत नाही. कुंपण हवेच, पण चक्रेश्वराचा तलाव, उरलेल्या खाजणी, पाणी जायच्या वाटा हेही त्याच शहराचे अवशेष आहेत, आणि त्यांना पुरातत्त्वाच्या यादीत रकाना नाही. शाळेच्या सहली कान्हेरीला जातात, माकडांना शेंगदाणे घालतात आणि परत येतात. त्याच मुलांना दुसऱ्या रविवारी सोपाऱ्याला नेले तर दोन्ही ठिकाणे एकमेकांची होतील. खर्च: लोकलचे तिकीट.

कान्हेरीच्या डोंगरांचे पाणी पुढे मुंबईनेही प्यायले. १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी. दोन्ही याच रांगेच्या कुशीत. सोनार सामिदताने पोढी खोदवली त्याच पावसावर इंग्रजांनी नळ टाकले. ९० क्रमांकाच्या लेण्यात १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशांनी पहलवीत आपली नावे कोरली आहेत. चढण चढून दमलेल्या त्या मंडळींनीही पाणी इथल्याच टाक्यातले प्यायले असणार.

खाली उतरताना एक लेख आठवतो. त्यात भिक्षूंच्या खर्चासाठी दिलेल्या एका शेताचा उल्लेख आहे. शेत मंगलठाण गावातले. अभ्यासक ते आजचे मागाठाणे मानतात. तिथेही लेणी आहेत, चारी बाजूंनी घरांनी वेढलेली. शोधत जावे लागते. २०२२ पासून तिथे मेट्रोचे स्टेशन आहे. सकाळी आठ वाजता फलाटावर उभे राहिले की निवेदिका गावाचे नाव घेते, दारे उघडतात आणि त्या शेतावर माणसे उतरतात.